तीन फेज

पायाला प्लास्टर, बाहेर शेहेचाळीस,
आणि फ्रिजच्या दारात, चटणीच्या बाटलीमागे
यीस्टचं पाकीट. लेक विसरून गेली होती
बंगळूरला जाताना. जूनमध्ये मुदत संपते.
खांबावरून पडलेल्या माणसाला
मुदत संपणाऱ्या वस्तूंची जरा दया येते.

वनिता अंगणवाडीत निघताना हसली,
'पाव करता म्हने! तुमाले गॅस तरी पेटवता येते का?'

लेकीच्या वहीत लिहिलंय : कोमट पाणी घ्या.
मानेवाड्यात मे महिन्यात नळाला चहाचंच पाणी येतं,
माठातलं अर्धं ओतून त्याला माणसात आणलं.
दाणे खसखशीएवढे, मेल्यासारखे.
चमचाभर साखर दिली
तर फेस काढत उठले, बघता बघता.
पुढे लिहिलंय : मळलेलं पीठ उबदार जागी ठेवा.
मी घरभर नजर फिरवली : मोरी, कपाट, दिवाणाखाली.
नागपुरात उबदार नाही अशी एकच जागा होती, कूलरसमोर,
आणि तिथे मी बसलेलो.

अर्ध्या तासात पिठानं वरची ताटली ढकलून दिली.

मग तीन दोर वळले.
एकात मार्चात वाळवलेली संत्र्याची साल, गुळात परतून.
एकात कांदा, जिरं आणि भिवापुरी मिरचीचं कूट
(हात जरा सैल सुटला, कबूल).
तिसरा कोरा.
आर, वाय, बी.
बत्तीस वर्षं ही बोटं दोरच ओढत आलीत,
फक्त हे मऊ होते
आणि चुकलं तर कुणी मरणार नव्हतं.
तिकडे तीन फेज एकमेकींना शिवल्या की भडका,
इकडे शिवल्याशिवाय वेणी होत नाही.
शाळेत जाताना लेक म्हणायची, बाबा, घट्ट घाल.
मी सैलच घालायचो. तिला दुखेल म्हणून.
ही घट्ट घातली.

ओव्हनच्या काचेतून बघत राहिलो
जसा कुणी टीव्ही बघतो.
वेणी फुगली, तिची पेडं ओळखू येईनाशी झाली,
गूळ एका जागी फुटून वाहिला, करपट गोड वास,
मागून मिरचीचा ठसका,
आणि तेविसाव्या मिनिटाला लाइट गेली.

कूलर थांबला की घराला कान फुटतात.
शेजारचं बाळ. लांबून कुकरची शिट्टी.
मग माझा फोन, कारण लेआउटमधले सगळे मलाच विचारतात,
'काहून गेली जी? किती वेळ लागन?'
दहा मिनिटांत येते, मी म्हणालो.
बत्तीस वर्षं हेच म्हणतोय.
कधीच दहा मिनिटांत आली नाही.
मग मीच रोशनला लावला. किती वेळ रे?
'दहा मिनिटात देतो, काका.'

वहीत शेवटी, लाल शाईत : मध्येच दार उघडू नका.
नाही उघडलं. काचेवर तळहात ठेवून बसलो,
आत अंधारात काय चाललंय ते
हाताला कळेल असं वाटून.
घाम प्लास्टरच्या आत उतरत होता, खाज सुटली होती,
खाजवायला लाटणं जवळच होतं. तेवढं वनिताला सांगू नका.

चाळीस मिनिटांनी आली.
पाव बाहेर निघाला तो एका अंगानं तांबूस,
दुसऱ्या अंगानं आजारी, मधोमध बसका.
लेकीला फोटो पाठवला.
तिनं विचारलं, सुरी घालून बघितली का?
नाही बघितली. कापूनच टाकला.

संध्याकाळी रोशन आला, हेल्मेट काखेत,
मान धुळीनं काळी. उभ्यानंच खाल्ला.
'आधी गोड लागते जी,' म्हणाला,
'अन् मंग मागून मिरची येऊन रायली.'
डोळे पुसले, दुसऱ्या तुकड्याला हात घातला.

फॉल्ट कुठे होता, मी विचारलं.
त्याच खांबावर, म्हणाला.

बेल्ट लावला होता का?
तोंडात घास होता. त्यानं मान हलवली,
हो की नाही ते कळलं नाही.