मोजणी

नगरपालिकेनं मला घडीची खुर्ची दिली
आणि अंगठ्याखाली मावेल एवढं एक यंत्र.
माणूस पुढून गेला की दाबायचं. खट्.
कुत्री धरायची नाहीत. सायकलवाले नाहीत.
बसलेले, रांगेत थांबलेले, दाराला टेकलेले नाहीत.
फक्त चालणारे.

हे वेल्डन, टेक्सास. ऑगस्ट.
डेपो स्ट्रीटवर छत्तीस दुकानं, उघडी नऊ.
बाकीच्यांच्या काचांना आतून जुनी वर्तमानपत्रं.
पहिल्या दुपारी मी तीच वाचत बसले;
एकात माझ्या आईच्या शाळेनं सामना जिंकला होता.

महामार्गापलीकडे गाव नुसतं सुटलंय.
पेकान रन, ओक हॉलो, सीडर पॉइंट:
जी झाडं तोडली त्यांचीच नावं वसाहतींना.
तिकडे चाळीस हजार माणसं
आणि इकडे यायला कुणाला कारण नाही.

सल्लागार डेन्व्हरहून आले होते, बूट नवे.
म्हणाले, तासाला साठ माणसं दाखवा,
मग अनुदान, मग दिवे, मग रुंद फुटपाथ.
म्हणजे आधी पोहून दाखवा,
मग तळ्यात पाणी सोडतो.

पहिल्या तासाला अकरा. त्यात टपालवाली दोनदा.

मग ओटो ह्रुश्का निघाला दुकानातून,
खिळे, बिजागऱ्या, दोरखंड विकणारा, वय एकोणऐंशी.
आधी गवती टोपी घालून.
मग बोडका.
मग खांद्यावर शिडी,
मग हातात बायकोची पिशवी, ती जाऊन सहा वर्षं झालेली.
दर खेपेला नाकासमोर बघत,
जणू मला ओळखतच नाही;
मला, जिच्या पहिल्या सायकलची साखळी त्यानं बसवली.
मी दाबत गेले.
सरकारी कागदावर ओटो ह्रुश्का नऊ माणसं आहे.

दुसऱ्या दिवशी बेकरीतली थुई आली, पिठाच्या हातांनी.
न्हाव्यानं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक
कोपऱ्यापर्यंत धाडलं आणि परत बोलावलं.
एकसष्ट.
खोटं एकही नव्हतं. सगळे चाललेच होते.

तीन वर्षं धूळ. मग विटा धुतल्या,
आणि कापसाच्या गिरणीच्या भिंतीवर अक्षरं वर आली:
बियाणं, दोर, शवपेट्या.
लोक त्याच्यासमोर फोटो काढतात.
मालक डॅलसला असतात, तिथून त्यांनी भाडं तिप्पट केलं.
दुष्ट म्हणता येणार नाही त्यांना,
नाताळला सगळ्यांना कार्ड येतं.

आज शनिवार. तासाला चारशे बारा.
अंगठा दुखतो. बाबागाड्या, म्हाताऱ्या,
ओक हॉलोची एक मुलगी विचारते, तुम्ही काय मोजता?
थुईकडची रांग पार बँकेपर्यंत,
पण रांग धरायची नाही.
न्हावी मुलाकडे गेला, ओक्लाहोमाला.

ओटोच्या दुकानात आता कॉफी मिळते.
नाव ठेवलंय 'खिळे'.
दोनशे बारा खण तसेच जपलेत,
त्यावर त्याच्या बायकोचं अक्षर:
दीड इंची, दोन इंची, किरकोळ.
किरकोळमध्ये साखरेच्या पुड्या.

दहाला तो येतो. कॉफी महाग म्हणून एकच घेतो,
बाहेरच्या नव्या बाकावर बसतो
आणि दिव्यांच्या खांबाचे स्क्रू नजरेनं तपासतो.
किती झाले?
चारशे बारा.
त्यात मी?
बसलेले धरत नाहीत, ओटो.

त्यानं कप खाली ठेवला.
टोपी काढून बाकावर ठेवली
आणि बोडकाच उठला.