निरंक

वंडर पार्क दुरुस्तीसाठी बंद निघालं
आणि नकुल घरी परतायला तयार नव्हता,
म्हणून दिवाळ्याच्या जेट्टीजवळचं
हे दोन खोल्यांचं दीपगृह संग्रहालय.
मोठ्यांना दहा, मुलांना पाच, चपला बाहेर.
सासूबाई म्हणाल्या, मी बाकावरच बसते, गुडघे.
मग म्हणाल्या, आत पंखा आहे का?
पंखा होता.

पहिल्या खोलीत भिंग.
माणसाच्या उंचीचं, कडं कडं करून रचलेलं.
सोललेला काचेचा कांदा म्हणावा,
तर डोळ्यांत पाणी येत नाही, चेहरा येतो:
नकुलचे अकरा तुकडे, माझे नऊ,
ह्यांचं टक्कल मात्र सगळीकडे अखंड.
शेजारी तेलाचा डबा, वात कापायची कात्री
आणि सहा बटणांची एक फळी.
बटण दाबलं की इवलासा मनोरा
आपल्या चालीने लुकलुकतो.
एक दोनदा पटपट, मग बराच वेळ काहीच नाही.
एक संथ, जांभई दिल्यासारखा.
"प्रत्येकाचा अंधार वेगळ्या मापाचा,"
किल्ल्या सांभाळणाऱ्या भोईरबाई म्हणाल्या,
"त्यावरून तर नाखव्याला कळतं, हा कोण."
नकुलने सहाही एकदम दाबली.

दुसऱ्या खोलीत, काचेखाली, वह्या.
तारीख. वारा. दिवा लावला. दिवा मालवला. पाहुणे. शेरा.
पाहुण्यांच्या रकान्यात निरंक, निरंक, निरंक,
ओळीला उजवीकडे किंचित उतार.
हे वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.
"आई, हे अक्षर..."

सासरे चौदा वर्षं दिव्यावर होते.
मी त्यांना ओळखते ती हार घातलेल्या फोटोतून,
आणि घरात कुणी दिवा चालू ठेवून झोपलं
की सासूबाई जे बोलतात, त्यातून.

त्या उठल्या. गुडघ्यांचं नाव नाही.
काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, हे नको.
मार्गशीर्ष काढा. एकाहत्तरचा, नाहीतर बाहत्तरचा.
हात लावायला मनाई आहे, अशी पाटी होती.
भोईरबाईंनी पाटीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं,
आणि किल्ली शोधायला लागल्या.

बराच वेळ गेला. नकुलला भूक लागली.
पानांना रॉकेलचा वास, मधे एक मेलेली मुंगी.
निरंक. निरंक. वारा ईशान्य. निरंक.
मग एका गुरुवारी:
पाहुणे, एक. स्त्री.
शेरा, सर्व ठीक.

आम्ही गप्प. एवढ्या वर्षांत
त्या कधी तिथे गेल्या होत्या, हे ह्यांनाही ठाऊक नव्हतं.
सासूबाईंनी त्या ओळीवर चष्मा जवळजवळ टेकवला.
"नाव पन नाय लिवला मेल्यानी,"
आणि हसल्या, पदर तोंडाशी,
इतक्या की भोईरबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

निघताना दाराशी आजची वही होती, दोरीला बांधलेलं पेन.
हे सवयीने सही करायला पुढे झाले.
त्यांनी पेन काढून घेतलं.
एकेक अक्षर रोवत लिहिलं, चांगुणा,
पुढे वडिलांचं नाव, पुढे भगत,
माहेरचं. मला वाटलं, चुकून.
शेऱ्याचा रकाना मोकळाच सोडला.

बाहेर ओहोटी. चिखलात रोहित पक्षी,
दूर, फिकट, कुणाचे तरी वाळत टाकलेले कपडे वाटावेत तसे.
त्यांनी अर्धा किलो करंदी घेतली, भाव पाडून.

रिक्षात तुकड्यातुकड्याने सांगितलं.
होडीत उलट्या झाल्या. भात खारट होता.
दिवा लागेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.
बेलापूरच्या सिग्नलला लाल आकडे उतरत होते,
नकुल मोठ्याने म्हणत होता, चौदा, तेरा,
आणि त्या मधेच म्हणाल्या, बारा.
बारा मोजले की उजेड यायचा खिडकीत.

त्या बारांत काय, ते
आम्ही कुणी विचारलं नाही.
सिग्नल सुटला.