पानं उलटणारी

खडकीच्या दगडी चर्चमध्ये नोव्हेंबरात रेक्विएम झाला.
मी गात नाही.
ऑर्गनशेजारच्या स्टुलावर बसते,
मिस लोबोंची हनुवटी हलली की पान उलटते.
एकवीस वर्षांत दोनदाच दोन पानं एकदम गेली.

सोलो एलिया पाथरेचा.
दापोडीच्या वर्कशॉपात गिअरबॉक्स खोलणारा,
नखांत ग्रीस, गळ्याला उसना टाय.
बॅरिटोन म्हणजे मधल्या मजल्यावरचा भाडेकरू:
खाली खर्जवाले सामान सरकवतात,
वर टेनर नाचतात,
आणि हा दाराला कडी लावून एकटा.

त्यानं गायलं. चार मिनिटं, फार तर पाच.
इतका वेळ मेलेल्यांसाठी चाललेलं मागणं
त्या जागी अचानक स्वतःसाठी होतं:
मला सोडव, त्या दिवशी मला सोडव.
खोकणारे खोकायचे थांबले.
बाहेर मालगाडी गेली, ती मात्र थांबली नाही.

मग अंगणात पॅटिस आणि कागदी कपातला चहा.
खोर्शेदबाई म्हणाल्या, पातळ.
आवाज कसा, धनसाकसारखा हवा,
चमचा उभा राहील असा.
मस्करेन्हास सरांना तेच तर आवडलेलं.
घाबरलेला माणूस छाती फुगवून मागतो का?
मयताच्या घरी बोलतो तसं बोलला पोरगा.
विद्वांस, सदाशिव पेठेतून दोन बस बदलून आलेले,
वहीत बघून म्हणाले, कंप फार.
स्वर लागला की त्यावर बसावं, हा सारखा उठतो.
आमच्याकडे नुसत्या षड्जावर माणूस संध्याकाळ काढतो.
तुमच्याकडे, खोर्शेदबाई म्हणाल्या,
मरायची घाई नसेल.

शेवटी तो थोडा उतरला, तेव्हा मला रडू आलं,
असं फॅक्टरीतला एक मुलगा म्हणाला.
उतरला नव्हता, विद्वांस.
उतरला होता, खोर्शेदबाई.
मुलगा उरलेलं पॅटिस घेऊन बाजूला झाला.

श्वास चुकीच्या जागी घेतो,
यावर तेवढं तिघांचं एकमत.
शब्द अर्ध्यावर सोडतो,
जिन्यात पिशवी खाली ठेवावी तसा.

यूनीसबाई काही बोलल्या नाहीत.
रूबेन सरांच्या यूनीसबाई.
सव्वीस वर्षं हा सोलो सरांचा होता,
शेवटची सहा एका फुफ्फुसावर.
पर्सचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.
एलिया चहा घ्यायला आला तेव्हा म्हणाल्या,
तीच प्रत?
हो, मावशी.
खोडल्या नाहीस?
नाही.
मग त्याच्या टायची गाठ जरा सैल केली
आणि रिक्षा बघायला गेल्या.

प्रती लायब्ररीच्या. परत करताना
पेन्सिल खोडून द्यावी लागते, ते काम माझं.
सोमवारी रबर घेऊन बसले.
सोप्रानोंच्या समासात मेथी, डेटॉल, वीजबिल,
एका आल्टोनं मिस लोबोंना मिशा काढलेल्या.
खोडत गेले, फुंकत गेले.
एकोणसाठाव्या पानावर ते स्वल्पविराम आले,
खोल, कागद दाबलेला,
पहिल्या वर्षीचे लांब लांब,
त्यांच्या मध्ये नंतरचे,
आणि मग त्यांच्याही मध्ये.

दार लावून घेतलं.
गात नाही मी, पण
ओठ मिटून त्या खुणांवर नुसता श्वास घेत गेले,
खुणेला घ्यायचा, पुढच्या खुणेपर्यंत पुरवायचा.
दुसऱ्या ओळीतच मधल्या मजल्यावर कुणीतरी
खुर्ची ओढून बसल्यासारखं झालं.

लायब्ररीत सांगितलं, एक प्रत गहाळ.
दंड एकशे ऐंशी रुपये.
भरला.
पावती मागून घेतली.