नौकेची व्याख्या

कलम चौथं, पोटकलम ब:
'पाण्यावर तरंगणारी, माणसं किंवा माल वाहणारी
कोणतीही रचना म्हणजे नौका.'
एका दमात वाचून होतं.

कास्त्रोच्या कोर्टात उभा आहे रोसामेल चिग्वाय,
वय एक्याऐंशी, टोपी हातात.
आरोप: विनापरवाना नौका पाण्यात आणणे.
नौका म्हणजे त्याचं घर.

चिलोए बेटांवर घर हलवणं ही नवलाई नाही.
शेजारी जमतात, ओंडके घालतात, बैल जुंपतात,
भरतीला घर पाण्यात सोडतात
आणि चार होड्या ते ओढत नेतात पलीकडच्या काठाला.
मजुरी कुणी घेत नाही, जेवण मात्र पोटभर लागतं.
याला मिंगा म्हणतात.
कायद्याच्या पुस्तकात हा शब्द नाही.

सगळं रीतसर झालं असतं, पण म्हातारा आतच बसून राहिला.
बंदर-कप्तानाने दुर्बिणीतून पाहिलं:
खाडीच्या मधोमध पिवळं घर चाललंय,
धुराड्यातून धूर,
खिडकीत एक माणूस काहीतरी गरम पितोय.

सरकारी वकील म्हणाले, तरंगत होतं? होतं.
माणूस होता? होता.
बटाट्याची नऊ पोती होती? होती.
मग शब्दाचा कीस कशाला?

बचावाच्या वकीलबाईंनी शब्दकोश आणला होता,
खुणेला बसचं तिकीट घालून.
शब्दकोश ऐन वेळी फितूर झाला.

न्यायाधीश नोल्फा मान्सिया चष्मा पुसत राहिल्या.
मग म्हणाल्या, "आत का बसलात?"
"रिकामं घर पाण्याला घाबरतं, बाई."
हे नोंदीत घ्यायचं का, मी विचारलं.
"घ्या."

मला सांगायला हवं, हा कायदा माझ्या ओळखीचा आहे.
मी सात वर्षांची असताना एक लाँच बुडाली.
चौदा माणसं, जॅकेट एकही नाही.
त्यांत माझा बाप.
तेव्हा कलमात नुसतं 'प्रवासी जहाज' होतं.
मालक म्हणाला, जहाज कुठलं, ही तर मासळीची होडी,
आणि सुटला.
त्या चौदा जणांनी 'कोणतीही' हा शब्द आणला.
त्याला कुणी हात लावला
की माझी बोटं कळफलकावर गारठतात.

त्या रात्री बाई उशिरापर्यंत थांबल्या.
किटली दोनदा आटली.
ध चा मा त्यांना करायचा नव्हता.
ध तसाच ठेवून
त्याच्याकडे पुन्हा एकदा बघायचं होतं.

सकाळी म्हणाल्या, लिहून घ्या:
'नौका पोचते ती परत निघण्यासाठी.
घर पोचतं ते थांबण्यासाठी.
सबब प्रस्तुत रचना ही नौका नव्हे.'

माझी बोटं थांबली.
त्यांनी पाहिलं. गाव लहान आहे, सगळ्यांना सगळं माहीत असतं.
"पुढचं घ्या," एवढंच म्हणाल्या.
'तथापि बुडवताना पाणी असा भेद करत नाही.'

कलम अकरा: निष्काळजीपणाबद्दल दंड 'करता येईल'.
'केलाच पाहिजे' असं नाही. करता येईल.
त्या दोन शब्दांत जेवढी जागा आहे
तेवढ्यात न्यायाधीशाने खुर्ची मांडायची.
जरा सरकली
की एक पाय बाहेर.

'दंड नाही. मात्र यापुढे तरंगत्या घरात जो बसेल
त्याने जॅकेट घालावं.
घरमालकानेसुद्धा.'

रोसामेलने टोपी डोक्यावर घातली,
मग कोर्ट आहे हे आठवून पुन्हा काढली.

कप्तानाने पुएर्तो मोंतला अपील केलंय.
तिथे काय होईल, सांगता येत नाही.
बाईंच्या व्याख्येला एक भोक आहे, मला दिसतं:
परत न निघणाऱ्या नौकाही असतात.

मी ते बोलले नाही.
शिक्का मारला, तीन प्रती काढल्या.
एक कप्तानाला, एक पिवळ्या घराला,
एक माझ्या कपाटात,
लाँचच्या फाइलीशेजारी.