जस्ट

अक्कलकोट रोड एमआयडीसी, गंजलेल्या पाटीवर प्लॉटचा नंबर,
टॉवेलचा कारखाना, मालक चंद्रय्या गुंडेटी.
मी त्यांचा पत्रव्यवहार.
म्हणजे इंग्रजी येतं असं मी अर्जात लिहिलं होतं
आणि त्यांनी ते तपासलं नव्हतं.

रोज अकराला मेल उघडायची.
शेट खुर्ची ओढून बसायचे, भुवयांवर सुताचा भुगा.
"आधी वाच. मग सांग."

हॅम्बुर्गच्या बाई लिहायच्या.
वी हॅव जस्ट रिसीव्ह्ड.
आत्ताच मिळाला म्हणतात माल.
शेट खूश. "आत्ताच म्हणजे गरम असंल अजून."

पुढची ओळ: जस्ट टू शेड्स लाइटर.
"आत्ताच दोन शेड फिका?"
नाही शेट, इथं तो फक्त आहे. फक्त दोन शेड.
"मग फक्त लिहायचं की बाईनं."
त्याच्याखाली, धुतल्यावर रंग जस्ट टिकला.
मी म्हणालो, जेमतेम,
आणि लगेच वाटलं, म्हणायला नको होतं.
"जेमतेम? रंगाईला नरसप्पा हाय माझा. बावीस वर्षं!"
दार आपटून ते रंगाई खात्यात गेले.
मी उरलेली मेल एकट्यानं वाचली.
तिच्यात आणखी दोन जस्ट होते.

नव्या पेठेतून जुनी डिक्शनरी आणली,
पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव खोडलेलं.
आत्ताच, फक्त, नेमकं, जेमतेम, जरा, अगदी, नुसतं
अशी माळ लागली, अकरापर्यंत मोजली मी.
शेट चष्मा पुसत ऐकत होते.
"मागावर असं चालत नाही बे.
उभा तो ताणा, आडवा तो बाणा.
दुपारनंतर बदलत नाहीत."
पान उलटल्यावर, वेगळ्या जातीचा म्हणून वेगळा मांडलेला,
आणखी एक अर्थ निघाला: न्याय्य.
"तो राहू दे," म्हणाले,
"तो आपल्या मेलमध्ये येत नाही."

मे महिन्यात, त्रेचाळीसच्या पुढं पारा,
तीन ओळींची मेल आली.
मी ती मनात दोनदा वाचली.
"वाच."
इट इज जस्ट बिझनेस.
"यातला कुठला?"
अकरा अर्थ होते माझ्याकडं.
फक्त धंदा, नेमका धंदा, अगदीच धंदा,
एकही बसेना,
लहान खोळीत मोठी उशी कोंबावी तसं.
नुसता, म्हणालो शेवटी.
"अंते?"
अंते, शेट.
तेलुगूत एवढंच असं म्हणायला अंते म्हणतात.
ते मला डिक्शनरीशिवाय येतं.

अठराशे टॉवेल पडून राहिले,
मरून, काठावर परदेशी हॉटेलचं नाव विणलेलं.
पगाराच्या पाकिटाबरोबर सहा-सहा वाटले.
त्या उन्हाळ्यात दत्त नगरपासून विडी घरकुलापर्यंत
दोरी दोरीवर तेच एक हॉटेल वाळत होतं.

मग माग भंगारात गेले, चार नंबरचा सोडून.
त्याला गिऱ्हाईक होतं, शेटनी भाव जास्त सांगितला.

एका रविवारी फायली न्यायला गेलो.
फायलींत न्यायसारखं काही नव्हतं, तरी गेलो.
शेडमध्ये शेट, स्टुलावर, चार नंबरपाशी.
शेट, आज? रविवारचं?
"ऊरिके," म्हणाले.
वॉचमन मल्लप्पा दारात कडक भाकरी मोडत होता.
त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलला,
"सुम्ने."
"आन् तू रे कशाला आलास?"
उगं, म्हणालो.

कुणीच कुणाला अर्थ विचारला नाही.
पत्र्यावर ऊन कडकड वाजत होतं.
मल्लप्पानं पाण्याचा तांब्या आणला,
खांद्यावरचा मरून टॉवेल पुढं केला.
शेटनी तोंड धुतलं, पुसलं,
टॉवेल दाराच्या उजेडात धरला,
बोटांत काठ चोळून बघितला बराच वेळ.
"हाय बे फिका," म्हणाले.
"दोन शेड. जस्ट."