अकरा महिन्यांचा करार

टिळक रोडवरच्या दुकानात हेरंब विचारतो,
"यातला घेणार की त्यातला?"
जणू सोयरीक जुळवतोय.
एकात व्हायरस, म्हणे. दुसऱ्यात नुसते पैसे.
तिसरं फुकट आहे,
पण अडलं तर बोलवायचं कुणाला?

मी विचारते माझ्या मारव्याचं.
सहा वर्षांपूर्वी घेतला, ऑनलाइन,
रात्री पावणेदोनला
कार्डाचे आकडे दोनदा चुकवून.
बावीस मिनिटं. शेवटाकडे कुणीतरी खोकतं.

हेरंब स्क्रीन माझ्याकडे वळवतो.
"काकू, हा इकडून तिकडे नाही यायचा.
तुम्ही तो विकत नव्हता घेतला,
ऐकायची परवानगी घेतली होती."

मला हसूच येतं.
कर्वेनगरात नऊ वर्षं मी अशीच राहते,
दर अकरा महिन्यांनी अंगठा, नवा करार,
भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

"विचार करून सांगते," म्हणते आणि निघते.

घरी जुनं यंत्र लावते. पंखा घरघरतो.
मारवा षड्जाच्या दारापर्यंत येतो,
आत न शिरताच वळतो,
पुन्हा येतो.
दिवा लावायचा राहून जातो.

बाविसाव्या मिनिटाला
त्या माणसाच्या आधी
मीच खोकून घेते.