बर्फाच्या पिशव्या

रॉटरडॅमच्या धक्क्यावरचं जुनं गोदाम.
पहाटेचे साडेतीन, पत्र्याच्या भिंती अजून थरथरतायत.
बाहेर आमचा तंबू, माझ्या पायाशी बर्फ.

दोघांनी त्याला उचलून आणलं.
"झोपलाय फक्त," थिस म्हणाला.

अंग तव्यासारखं. एकेचाळीस पूर्णांक आठ.
जबडा असा आवळलेला
की आतल्या दणदणाटातही
दात घासल्याचा आवाज मला ऐकू आला.

काय घेतलंय?
गप्प.
मी पोलीस नाही रे बाबा. काय, आणि किती?
"निळी. काहीच होईना,
म्हणून तासाभराने आणखी एक."

काहीच होईना.
हीच निळी, हाच घुबडाचा छाप
मागच्या शनिवारी आम्ही तपासला होता:
एकीत तिघांना पुरेल इतकं.
छाप कुणीही मारतं. मोजत कुणी नाही.

काखेत बर्फ, जांघेत बर्फ, मानेखाली बर्फ.
कधीपासून असा आहे?
थिस बुटांकडे बघतो.
"चाळीस मिनिटं. वाटलं, तुम्ही कळवाल."

रुग्णवाहिका अजून पुलापलीकडे.
त्याच्या खिशात फोन थरथरतो,
पडद्यावर एकच शब्द: मेम.
आमच्या फ्रिसलंडात आईला मेम म्हणतात.
इथल्या कुणाला कळलं नसतं,
मला कळलं.
बोटं बर्फाने बधिर झालेली.
वाजू दिला.

स्ट्रेचर गेलं.
तंबूत पाण्याचं थारोळं, फाटक्या पिशव्या,
आणि थिस, हातात त्याचा एक बूट.
"झोपलाच होता ना तो?"
आता विचारतोय.